दुसऱ्याच्या कोठारात

रोसाइथ, ८ जून १९१६

हेस्टर,

तार आणि माझं कार्ड एकाच वेळी तुझ्या हातात पडलं, असं डॉर्कस आत्या कळवते. एक गेला आणि एक राहिला, दोन्ही बातम्या एकदम. कार्डावर ‘मी बरा आहे’ याखेरीज काही लिहायची परवानगी नव्हती. नाहीतर तू म्हणायचीस, बापाला जावयाचं नावही घ्यावंसं वाटलं नाही.

जे झालं ते सांगतो. गोड करून सांगायचं काम तुझ्या आईचं होतं, मला ते जमत नाही. गेल्या आठवड्यात बुधवारी दुपारी ‘प्रिन्सेस मॉड’ आमच्या पुढे होती, आमची ‘एथेलस्टन’ तिच्या मागे. जर्मन बॅटलक्रूझर आठ-नऊ मैलांवर, नुसता धूर दिसत होता म्हणतात. मी खाली होतो, त्यामुळे डोळ्यांनी काही पाहिलं नाही. वरचे सांगतात की ‘मॉड’च्या मधल्या तोफांच्या बुरुजावर एकामागून एक दोन गोळे पडले, आणि धूर सरला तेव्हा पुढे जहाज नव्हतं. त्या जागेवरून आम्ही गेलो तेव्हा आमच्या डेकवर राख आणि कागद पडत होते. बाराशे सत्तर माणसांतली नऊ वाचली. यादी मी दोनदा पाहिली. मग त्या नवांना इस्पितळात जाऊन पाहून आलो. रूबेन त्यांत नाही.

त्याला काही कळलं नसेल, हे मात्र खात्रीने सांगतो. कोठारात उभ्या असलेल्या माणसाला कळायला वेळ मिळत नाही.

आता आमच्या भांडणाचं. त्याने त्याची बाजू तुला सांगितलीच असेल, माझीही ऐक. गेल्या ऑक्टोबरात मी ‘एथेलस्टन’वर गनर म्हणून आलो आणि कोठारांचा ताबा घेतला, तेव्हा चारही दारूकोठारांची लोखंडी दारं सताड उघडी होती. खिट्ट्या दोरीने बांधून ठेवलेल्या. बाहेरच्या खोलीत तोफेच्या कॉर्डाइट दारूच्या रेशमी पिशव्या सरपणासारख्या रचलेल्या, पेट्यांची झाकणं आधीच काढलेली. का, तर तोफ भरायला दोन-चार सेकंद कमी लागावेत. सगळ्यांत जलद मारा करणाऱ्या जहाजाला पितळी कोंबडा मिळायचा आणि तो आमच्या मेसमध्ये होता. तो मिळवला होता मधल्या बुरुजाने, आणि त्या बुरुजाचं कोठार रूबेनकडे होतं. लग्नात त्याने तो कोंबडा आणायचा हट्ट धरला होता, आठवतं ना.

मी दारं लावली. एका वेळी एकच पेटी उघडायची, पिशवी भिंतीतल्या झरोक्यातून द्यायची, बाहेर दोनपेक्षा जास्त पिशव्या ठेवायच्या नाहीत. पुढच्याच सरावात कोंबडा ‘प्रिन्सेस मॉड’वर गेला. पोरं मला दरवान म्हणायला लागली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण जानेवारीत रूबेन सगळ्यांच्या देखत म्हणाला, “साहेब, जर्मन आले की त्यांना काय सांगायचं? जरा दम धरा, आमच्या सासरेबुवांनी कडी लावलीय?”

सगळी खोली हसली. मी म्हटलं, “तुला एवढी घाई असेल तर जा की घाईच्या जहाजावर.”

दुसऱ्या दिवशी त्याने ‘मॉड’वर बदली मागितली. कमांडरने माझं मत विचारलं, मी सही केली. तिकडेही त्याला मधल्या बुरुजाचंच कोठार मिळालं. हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

त्या बुधवारी आमच्याही मधल्या बुरुजावर गोळा पडला. वरची सगळी माणसं गेली आणि आग दारूगोळा वर चढवायच्या नळीतून खाली आली. बाहेरच्या खोलीत दोनच पिशव्या होत्या, त्या पेटल्या. तिथे चौदा जण होते. त्यांनी दारावर थापा मारल्या. आतल्या अकरा जणांनी त्या ऐकल्या आणि दार उघडलं नाही, कारण आठ महिने मी त्यांच्या डोक्यात तेवढंच भरलं होतं. थापा फार वेळ चालल्या नाहीत. दाराचा रंग आतल्या बाजूनेही फुगला होता, पण दार टिकलं आणि जहाजही.

कॅप्टनने माझ्याकडून लेखी अहवाल मागितला आहे. एका जातीची दोन जहाजं, गोळा एकाच जागी, मग एक उडालं आणि दुसरं राहिलं ते का. मी लिहिणार आहे.

पोटातल्या जिवासाठी तरी वेळेवर जेव.

बाबा


रोसाइथ, २ जुलै १९१६

हेस्टर,

तुझं पत्र परवा मिळालं. तेव्हापासून उत्तराची जुळवाजुळव करतो आहे आणि ती नीट होत नाही, म्हणून सरळच लिहितो.

तू म्हणतेस, अहवाल देऊ नका. द्यायचाच तर त्यात दाराचं काही नको. तुमच्या कार्टर्स रो गल्लीतल्या नऊ घरांतली माणसं ‘मॉड’वर होती, आणि रजेवर आलेल्या कोणा शहाण्याने तिथे सांगितलं की कोठाराची दारं उघडी होती म्हणून जहाज उडालं. बेकरीच्या रांगेत हॉकलीबाई तुझ्या तोंडावर म्हणाल्या, “आमचे हे गनर होते, ते सगळ्या जहाजाचं बघायचे. मधल्या कोठाराचं दार कोणाच्या ताब्यात होतं ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.” आणि तू पाव न घेता घरी आलीस.

‘मॉड’बरोबर गेलेला एझरा हॉकली माझा पंचवीस वर्षांचा दोस्त. त्याच्या बायकोला मी ओळखतो. तिचं दुःख तिला कुठेतरी टाकायचं आहे, तुझी पायरी जवळ पडली. तिला उलट बोलू नकोस.

पण अहवाल कालच गेला. हेस्टर, अजून पाच-सहा बॅटलक्रूझर समुद्रावर आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर आजही खिट्ट्या दोरीने बांधलेल्या आहेत. त्यांतल्या प्रत्येकीवर हजार माणसं आहेत आणि त्यांच्याही बायका कुठल्यातरी बेकरीच्या रांगेत उभ्या राहतात. तुझ्यासाठी मी पुष्कळ काही केलं असतं, हे करता येत नाही. त्यात कोणाचंही नाव घातलेलं नाही. ‘एथेलस्टन’वर दार लावलेलं होतं आणि ‘प्रिन्सेस मॉड’वर उघडं असे, एवढंच लिहिलं. कशावरून म्हणता, असं मला कोणी विचारलं नाही.

तू एक प्रश्न विचारला आहेस. त्या दाराचा धोका रूबेनला शेवटपर्यंत कळलाच नव्हता का? तो तसाच हसत गेला का? ते मला ठाऊक नाही. तिकडे गेल्यावर त्याने मला एक ओळही लिहिली नाही.

तुला राग येईल, येऊ दे. पण पत्राचं उत्तर दे.

बाबा


रोसाइथ, ११ फेब्रुवारी १९१७

हेस्टर,

माझी पाच पत्रं परत आली. ‘परत’ हा शब्द तुझ्याच अक्षरात आहे, पाचही वेळा. तुझं अक्षर पूर्वीपेक्षा चांगलं झालं आहे. हे पत्र डॉर्कस आत्याच्या पाकिटात घालून पाठवतो आहे. तुझ्यासमोर बसून ते वाचून दाखवीन असं तिने मला वचन दिलं आहे. ती वाचत असताना उठून जाऊ नकोस, तिचे गुडघे दुखतात, तिला मागे मागे फिरवू नकोस.

मुलीचं नाव ऑलिव्ह ठेवलंस ते कळलं. बारशाला गल्लीतली दोनच माणसं आली हेही कळलं. केक उरला आणि तो तू आत्याबरोबर अनाथाश्रमात पाठवलास. अहवालात जे लिहिलं ते खरं होतं आणि लिहायला हवं होतं, हे मी आजही म्हणतो. त्याची किंमत तू देते आहेस हे मला दिसतं. मला दिसत नाही असं समजू नकोस.

इकडचं सांगतो. आता सगळ्या जहाजांवर दारं लागतात. झरोक्यांना आपोआप मिटणाऱ्या झडपा बसल्या. वर्तमानपत्रांत मात्र येतं की आपल्या जहाजांचं चिलखत पातळ होतं. तेही खोटं नाही, पण सोयीचं आहे. पोलादाला बायकापोरं नसतात, त्याला दोष दिला तर कोणी रडत नाही. माझ्या कागदाचं नाव कोणी घेत नाही. खलाशी तेवढं घेतात. झडपेत बोट सापडलं की ‘पेनफोल्ड’ म्हणत माझ्या नावाने शिवी.

आत्याजवळ तू म्हणालीस, “त्यांना सांग, मला बाप आहे, पण माझ्या मुलीला आजोबा नाही.” निरोप पोचला. तो मी चार वेळा वाचला. मुलीचा एखादा फोटो काढला असशील तर आत्याकडे ठेव, एवढंच मागतो.

बाबा


रोसाइथ, २४ नोव्हेंबर १९१८

हेस्टर,

हे पत्र परत पाठवू नकोस. यात दुसरं एक पत्र आहे आणि ते तुझं आहे.

गुरुवारी जर्मन आरमार शरण आलं. आमच्या दोन रांगांमधून त्यांची जहाजं एकामागून एक येत गेली. कोणी ओरडलं नाही, टोप्या उडवल्या नाहीत. चार वर्षं ज्यांच्या नुसत्या धुरावर आम्ही गोळे टाकले, ती जवळून पाहिली तर गंज चढलेली, काचा फुटलेली. शुक्रवारी आम्हा काही गनरांना त्यांच्या एका बॅटलक्रूझरवर पाठवलं, कोठारात दारूगोळा उरला आहे का ते तपासायला.

वर सगळा सावळा गोंधळ. खलाशी अधिकाऱ्यांच्या तोंडावर सिगारेटी ओढत होते, दंडाला बंडाची तांबडी फडकी. सगळीकडे उकडलेल्या सलगमांचा वास. खाली मात्र एक जण टोपी नीट घालून कोठाराच्या चाव्या हातात घेऊन उभा होता. हार्म्स नाव, गनरच, माझ्याच वयाचा. युद्धाआधी आपल्याकडच्या ‘हल’ बंदरात मालवाहू बोटींवर काम केलेलं, त्यामुळे आपली भाषा चांगली बोलतो. शत्रूला म्हणून मला त्याने काही दाखवलं नाही. एका गनरने दुसऱ्याला दाखवावं तसं दाखवलं.

त्यांच्याकडे प्रत्येक दारामागे दुसरं दार होतं, आणि दुहेरी झडपा. एकोणीसशे पंधराच्या जानेवारीपासून, म्हणाला. तेव्हाच्या लढाईत त्यांच्या एका जहाजावर बुरुजाखाली आग लागली. तिथल्या माणसांनी जीव वाचवायला शेजारच्या बुरुजाकडचं दार उघडलं आणि दोन्ही बुरूज जळाले. दीडशेच्या वर माणसं गेली. हार्म्स तेव्हा त्याच जहाजावर होता.

मी म्हटलं, मग वरून हुकूम आले असतील.

“हुकूम आले, सावकाश आले,” तो म्हणाला. “त्याआधी मीच हिंडलो. रविवारी सुट्टी मिळाली की बोट घ्यायची, दुसऱ्या जहाजावर जायचं, तिथल्या गनरला सांगायचं, बाबा रे, तुझं दार बघ.”

“दुसऱ्याच्या कोठारात? न बोलावता?”

“न बोलावता. एका ठिकाणी मला हाकलून दिलं. एकाने विचारलं, तुझ्या बापाचं जहाज आहे का.” हसला तो. मग म्हणाला, “तुमच्याकडे कोणी नाही हिंडलं?”

मी त्याला उत्तर दिलं नाही. तुला देतो.

आमच्यात एक रीत आहे, ती तुला लहानपणापासून माहीत आहे. गनरने दुसऱ्या गनरच्या कोठाराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. त्याची बायको, त्याचं कोठार आणि त्याची दाढी, यांच्याबद्दल बोलायचं नाही, असं आम्ही मेसमध्ये म्हणायचो आणि हसायचो. बोललास तर तो तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही, आणि सगळे त्याचीच बाजू घेतील.

रूबेनने मला तिकडून एक ओळही लिहिली नाही असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. त्याने १४ मेला लिहिलं. ते सोबत आहे. तू सगळं वाचशीलच, पण मधला भाग मी इथेही लिहितो, म्हणजे मी तो वाचला नव्हता असं मला कधी म्हणता येणार नाही:

“बाबा, इथली दारं रात्रंदिवस उघडी असतात आणि बाहेरच्या खोलीत मी मोजल्या तेव्हा चाळीस पिशव्या होत्या. तुमच्याकडे असताना मला हसू यायचं, आता झोप येत नाही. मी माझं दार लावलं तर वरून शिव्या येतात आणि ते उघडायला लावतात. मी पडलो साधा खलाशी, हॉकली साहेब माझं ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्ही त्यांच्याशी एकदा बोला. मला परत बोलावू नका, नुसतं बोला.”

पुढच्याच रविवारी, २१ तारखेला, एझरा हॉकली आमच्या जहाजावर चहाला आला. बायकोने पाठवलेला शहाजिऱ्याचा केक घेऊन आला होता. आम्ही दोन तास बसलो. त्याच्या बागेतल्या कांद्यांबद्दल बोललो, त्याच्या कंबरदुखीबद्दल बोललो. रूबेनचं पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. मी बोललो नाही.

रीत होती म्हणून, असं म्हणून मी अडीच वर्षं काढली. ते अर्धंच खरं आहे. जावयाने सगळ्यांसमोर माझी टर उडवली होती. त्याने सगळ्यांसमोर येऊन ‘चुकलो’ म्हणावं, अशी माझी इच्छा होती. पत्रातून म्हटलेलं मला पुरेना. म्हटलं, पुढच्या महिन्यात त्याला रजा मिळेल, स्वतः येईल, मग बघू. उत्तरही पाठवलं नाही. त्यानंतर दहा दिवसांनी ‘मॉड’ गेली.

एझराने माझं ऐकलं असतं का ते मला माहीत नाही. बहुधा माझ्यावर चिडून तो निघून गेला असता, आणि मग परतीच्या बोटीत बसून विचार केला असता. तो तसाच होता. त्याला संधीच मिळाली नाही, कारण मी दिली नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. रूबेनला कळलं होतं. तो हसत गेला नाही. दार लावण्यासाठी त्याच्याने जे होण्याजोगं होतं ते त्याने केलं. जहाजं वाचवायला अहवाल लिहिणारा माणूस मीच आणि लढाईआधी तोंड न उघडणाराही मीच. अहवाल लिहिताना मला वाटलं होतं की त्याने फिटेल. फिटलं नाही.

या पत्राचं काय करायचं ते तू ठरव. जाळलंस तरी मी कोणाला सांगणार नाही. गल्लीला वाचून दाखवलंस तरी मी ‘खोटं आहे’ म्हणणार नाही.

बाबा


रोसाइथ, १८ मार्च १९१९

हेस्टर,

तुझं पत्र मिळालं. पावणेतीन वर्षांनी तुझ्या अक्षरात माझा पत्ता पाहिला आणि पाकीट फोडायला मला अर्धा दिवस लागला.

तू रूबेनचं पत्र घेऊन नऊही घरांत गेलीस आणि उभ्याने वाचून दाखवलंस, हे मला आत्याने आधीच कळवलं होतं. माझ्या पत्रातला रविवारच्या चहाचा भागही तू वाचलास हे मात्र तुझ्या पत्रातून कळलं. तू तो सोडला असतास तरी कोणाला समजलं नसतं. सोडला नाहीस ते बरोबर केलंस. हॉकलीबाईंना वाटलं असतं की सगळा दोष त्यांच्या नवऱ्याचा.

त्या तुझ्याजवळ फक्त एवढंच म्हणाल्या, हे वाचलं: “माझ्या हातचा केक खाल्ला त्याने, आणि गप्प बसला?”

होय. दोन तुकडे खाल्ले.

आता कोणी रूबेनला बोल लावत नाही, ऑलिव्हला शेजारच्या पोरी खेळायला नेतात, आणि माझं नाव निघालं की बायका दारं लावून घेतात, असं तू लिहिलंस. लिहिताना तुला बरं वाटलं की वाईट, ते कळत नाही. मला विचारशील तर मला बरं वाटलं. तुझ्या पायरीवरचं ओझं हललं.

माझी नोकरी या आठवड्यात संपते आहे. तुझ्या शेवटच्या चार ओळी मला पाठ झाल्या आहेत. “यायचं तर या. मागच्या बोळातून येऊ नका, गल्लीतून या. आधी अकरा नंबरला जा. मग माझ्याकडे.” तू माझ्यावर हुकूम सोडावास हे मला नवीन आहे, पण असा नेमका हुकूम मला गेल्या तीस वर्षांत कोणी दिला नव्हता.

शनिवारी सव्वातीनच्या गाडीने पोचतो. स्टेशनवर येऊ नकोस आणि आत्यालाही पाठवू नकोस, माझी मी ट्रंक उचलीन. कार्टर्स रोच्या वरच्या टोकाने चालत येईन. त्या नऊ घरांपैकी ज्या दारात कोणी उभं असेल तिथे थांबेन, त्यांना जे बोलायचं असेल ते ऐकून पुढे जाईन. मग अकरा नंबर. हॉकलीबाईंनी आत घेतलं तर एझराबद्दल जे सांगायचं आहे ते बसून सांगेन. नाही घेतलं तर बाहेर उभा राहीन. त्या कधीतरी दूध घ्यायला दार उघडतीलच.

त्यामुळे मला उशीर होईल, किती ते सांगता येत नाही. ऑलिव्हला जेवायला घाल, माझ्यासाठी उपाशी ठेवू नकोस. विचारलं तर तिला सांग, आजोबा आले आहेत, गल्लीतच आहेत.

बाबा